पऱ्हाटी (कपाशी) लाल पडली, काय मारू? लवकर सांगा

पऱ्हाटी_दारव्हा: बोंडं भरायच्या टायमाले पऱ्हाटी लाल पडून राह्यली. कृषी केंद्रवाला तीन डबे दाखवते, तिन्ही महाग. उद्या सकाळी फवारा मारायचा हाय. कोणतं घेऊ, तेवढंच सांगा.

वेचणी_वणी: कुठं लाल पडली भाऊ? खालची पानं का शेंड्याची? शिरा हिरव्या हायेत का? पान उलटून पाहा. तुडतुडे असले तर कडा खाली वळतात आन् तिथूनच लाली चढते. मंग खत मारून काई होत नाही.

संत्रा_वरुड: सरळ चिलेटेड लोह मारा. माझी चुनखडीची जमीन, नवती (नवी पालवी) पिवळी पडली होती. लोहानंच हिरवी झाली.

रसायन_मास्तर: संत्र्याचं पऱ्हाटीला कसं लावता? लोह जुन्या पानातून नव्या पानात फारसं सरकत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याला आधी दिसते. मॅग्नेशियम सरकतं. बोंडं ओढू लागली की झाड खालच्या पानांतलं मॅग्नेशियम आणि नत्र काढून वर पाठवतं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, भोवती नत्राचे चार. तेच निघून गेले तर पान हिरवं राहील कसं?

संत्रा_वरुड: हरितद्रव्य बनायला लोह लागतेच ना पण!

रसायन_मास्तर: बनवायला लागतं, त्यात बसत नाही. लोह बसतं ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये.

आशाताई_घाटंजी: रक्ताचा विषय निघालाच आहे तर सांगते, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर आधी तपासणी. आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नका.

जिनिंग_हिंगणघाट: कापसात ओल १२ टक्क्यांच्या वर गेली तर सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) घेत नाही. वाळवूनच न्या.

पऱ्हाटी_दारव्हा: विकायचं कोणी विचारलं? खालचीच पानं हायेत. शिरा हिरव्या, मधातला भाग लाल. तुडतुडे नाहीत. आता तरी सांगा!

रसायन_मास्तर: मग मॅग्नेशियम सल्फेट. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. डीएपी खत मारायचं असेल तर वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच पंपात कालवले तर साका बसतो, नोझल तुंबतं. लाल झालेली पानं परत हिरवी व्हायची नाहीत, वरची वाचवायची आहेत.

वेचणी_वणी: जमिनीत ओल हाय का, ते नाही सांगितलं. कोरड्यात मुळी काईच उचलत नाही. पाणी देता येत असंल तर आधी पाणी द्या.