मदत हवी आहे: गाजराची चाकं रात्रीत आकसतात!

मंडळी, लेकीला बटाट्याची गाडी करून दिली. खराट्याच्या काडीचा आस, गाजराच्या चकत्यांची चाकं. संध्याकाळभर घरभर पळवली तिने. सकाळी बघतो तर चकत्या वाटीसारख्या वळलेल्या, मधलं भोक सैल, गाडी लंगडी! गाजरात जवळपास ८८ टक्के पाणी, म्हणजे सुकणारच. पण एका रात्रीत? ओल्या फडक्यात गुंडाळली, तर बटाटाच बुळबुळीत झाला.

चाकांना तुम्ही काय वापरता? वाळलेल्या दुधीचं कवच कापलं तर तडकेल का? टूथपिक नको, पोरगी तीन वर्षांची आहे, सगळं तोंडात घालते. (म्हणूनच हिरवट, कोंब आलेला बटाटाही घेत नाही, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असतं.) जरा लवकर सांगा, गाडीची मालकीण रुसून बसली आहे.