ऐतिहासिक कादंबरी आपण तलवारीसाठी वाचतो की मसलतीसाठी?

कुर्ल्याची वाचक

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडे, तलवारी आणि गडावरच्या चढाया येतात. माझं मत वेगळं आहे. मराठी वाचक पिढ्यान् पिढ्या या कादंबऱ्यांवर जीव टाकतो तो मसलतीसाठी. लढाई दोन-चार प्रकरणांत आटोपते. कोण कोणाला फितूर झाला, कोणी निरोप दाबून ठेवला, हे कळेपर्यंत मात्र आपण रात्र जागवतो.

३० ऑगस्ट १७७३ चंच घ्या. गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, शनिवारवाड्यात घुसतात. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत काका रघुनाथरावांकडे जातात आणि त्यांच्या कमरेला मिठी मारतात. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडतो, तोही कापला जातो. हे सगळं शाळेपासून पाठ आहे, तरी चांगल्या लेखकाच्या हातून पुन्हा वाचलं की घशाला कोरड पडते. कारण त्या वाड्यात प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे. गारद्यांचा पगार तुंबलाय. रघुनाथराव नजरकैदेत आहेत आणि पेशवाई आपल्याला मिळायला हवी होती हे शल्य त्यांच्या मनात वर्षानुवर्षं आहे. जुने कारभारी पोरसवदा पेशव्याच्या स्वभावाला विटले आहेत. एकाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही, आणि मला तेच धरून ठेवतं.

मुंबईकरांनो, हे प्रकरण पुण्यातच संपलं नाही, हेही लक्षात घ्या. बारभाईंनी, म्हणजे विरोधात एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, गादीवरून उठवल्यावर रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७४ च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये जिंकलेली साष्टी, म्हणजे वांद्रे-कुर्ल्यापासून वरचा जवळजवळ सगळा उपनगरी पट्टा, हातचा गेला तो कायमचा. १७८२ च्या सालबाईच्या तहानेही तो परत मिळाला नाही. शीवच्या किल्ल्यावरून इंग्रज खाडीपलीकडे नजर ठेवायचे, ते आमच्या कुर्ल्याकडे. भाऊबंदकीचा नकाशावर काय परिणाम होतो हे मला आधी कादंबऱ्यांनी दाखवलं, पाठ्यपुस्तकाने नाही.

मोडी वाचणारा, गिरगाव

ताई, प्रसंग उत्तम मांडलात, पण निष्कर्ष पटला नाही. कादंबरी आणि नाटक एकाकडे बोट दाखवत नाहीत असं तुम्ही म्हणता. मग ‘ध चा मा’, म्हणजे चिठ्ठीतलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केल्याची गोष्ट, कोणाच्या नावावर आहे? रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंच्या. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष ठेवला रघुनाथरावांवर आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. कट पुरुषांचा, हत्यारं पुरुषांची, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती एका बाईने खोडलेली एक अक्षराची चिठ्ठी. मसलतीची गोडी लागली की असं होतं. गुंतागुंतीचं राजकारण एका कपटी बाईवर ढकललं की प्रवेश रंगतो.

संभाजीराजांचं तर याहून वाईट झालं. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि लिहिणारे कोण, तर ज्या बाळाजी आवजींना राजांनी देहदंड दिला त्यांचे वंशज. नाटककारांनी ती बखर उचलली आणि व्यसनी, बाईलवेडा राजा कितीतरी वर्षं रंगभूमीवर नाचवला. तो डाग पुसायला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना आयुष्याची उमेदीची वर्षं दफ्तरांत घालवावी लागली. त्यांचं चरित्र १९६० मध्ये आलं. त्याआधीच्या प्रेक्षकांनी ज्या राजाला नावं ठेवली, तो राजा कधी झालाच नव्हता.

मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकलो ते याच रागातून. एक पत्र हातात घेऊन बघा. आधी आडवी रेघ ओढलेली, मग तिला अक्षरं लगडलेली, शब्दांत फट नाही, विरामचिन्ह नाही. सरकारी कामाच्या चार कलमांमध्येच कुठेतरी मुलाच्या दुखण्याची एक ओळ येते आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. त्या एका ओळीत जे आहे, ते तीन पानांच्या स्वगतात मला कधी सापडलं नाही.

परळची शिक्षिका

गिरगावचे भाऊ, बेंद्र्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मान्य. पण पुढचंही सांगा की. बेंद्र्यांचा ग्रंथ किती घरांत गेला? १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली आणि संभाजीराजांकडे बघण्याची सामान्य माणसाची नजर बदलली. आमच्या चाळीत ज्यांनी जन्मात संशोधनाचं पुस्तक उघडलं नाही, त्यांनी ही कादंबरी आळीपाळीने वाचली. एका पिढीच्या लेखकांनी लावलेला डाग पुढच्या पिढीच्या लेखकाने लोकांच्या मनातून काढला. तुम्ही फक्त पहिल्या पिढीचा हिशेब मांडताय.

वर्गातला अनुभवही सांगते. मुलांना तहांची कलमं आठवत नाहीत. पण ‘हंबीरराव मोहित्यांनी असं का केलं असेल?’ असं विचारलं की मागच्या बाकावरचे हातही वर येतात.

मोडी वाचणारा, गिरगाव

बाई, हंबीररावांचं नाव काढलंत हे बरं झालं, माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले आणि अण्णाजी दत्तो नि इतर कारभारी मंडळींनी थोरल्या संभाजीराजांना डावलून सोयराबाईंच्या राजारामांना गादीवर बसवलं. कादंबरीतले अण्णाजी पहिल्या प्रवेशापासून कारस्थानी. पण याच अण्णाजींनी स्वराज्यातल्या जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्या मोहिमेतही हे होतेच. असा तोलामोलाचा माणूस थोरल्या युवराजाविरुद्ध का गेला? राज्य चालवण्याच्या रीतीवरून मतभेद होते का? अधिकार जाण्याची भीती होती का? खरी मसलत इथे आहे. आमचे लेखक नायकाला इतका निर्मळ करतात की विरोधकाला कारणच उरत नाही.

कुर्ल्याची वाचक

हे मात्र शंभर टक्के पटलं. आणि म्हणूनच कादंबरी हवी, असं मी म्हणते. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा गादीवर बसलाय, बहीण राजमाता झालीय, सेनापतिपद आपल्याच हातात आहे. तरी ते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि पन्हाळ्याकडे निघालेल्या अण्णाजी-मोरोपंतांना त्यांनी धरलं. हे त्यांनी केलं, एवढं कागद सांगतो. आदल्या रात्री त्या माणसाच्या मनात बहिणीचा चेहरा किती वेळा आला असेल, हे कुठल्या दफ्तरात मिळणार? कागद जिथे गप्प होतो तिथे लेखकाने बोलावं. कागद बोलत असताना त्याच्या तोंडावर हात ठेवू नये, एवढी अट मला मान्य आहे.

भांडुपकर

तुमचा दोघांचा वाद वाचला. दोघेही वाड्याच्या आतच भांडताय, याचं वाईट वाटलं. गादी कोणाची, मसलत कोणाची, हेच चाललंय. पैसा कुठून येत होता? पहिले बाजीराव आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहितात की सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली. वीस वर्षं मैदान मारणारा सेनानी सावकारासमोर हात जोडून उभा आहे, या प्रसंगात जो ताण आहे तो मस्तानीच्या महालात नाही. थोरल्या माधवरावांनी मरणाच्या दारात असताना लिहवून ठेवलेल्या कलमांतही कर्ज फेडण्याची तजवीज आहे. आपण मात्र त्यांना आठवतो ते थेऊर आणि रमाबाईंच्या सतीसाठी.

आणि माणसं? १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे मेले त्यांत लढवय्यांबरोबर बुणगेही, म्हणजे सैन्यामागची न लढणारी माणसंही होती, यात्रेकरू होते, बायका होत्या. सैन्य अन्नावाचून झुरलं होतं, ते सेनापती भाऊसाहेबांना अक्कल नव्हती म्हणून नव्हे, दिल्लीकडची रसद तुटली होती म्हणून. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून ही पत्रं छापील मिळतात. वाड्यातल्या कुणबिणी, घोड्याला दाणा घालणारे, थकल्या पगारावर पोट भरणारे बारगीर यांना एखाददुसरं वाक्य मिळतं. ताईंच्या चाफाजी टिळेकरांचंच बघा. मरताना येतात, त्याआधी कुठे असतात? त्यांच्या बाजूने १७७३ ची ती दुपार कोणी लिहील तर मी छापील किमतीला दोन प्रती घेईन.

परळची शिक्षिका

भांडुपकर, चाफाजींचा मुद्दा काळजाला लागला. फक्त एक. वाचक वाड्याकडे ओढला जातो कारण निर्णय तिथे होत होते. रसद तुटल्याचं दुःख बुणग्यांनी सोसलं, पण उत्तरेत किती माणसं न्यायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं. दोन्ही टोकं एकाच गोष्टीत आली तरच ती पुरी होईल.

कुर्ल्याची वाचक

मग तशा गोष्टीचा विषयच सुचवते. १७५६. कोकणातले आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नाहीत, म्हणून नानासाहेब पेशवे मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी करतात. इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईहून निघतं, बरोबर क्लाइव्हही आहे. फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांची जहाजं जळतात. तुळाजींचे वडील कान्होजी यांच्या वेळेपासून ज्या आरमाराने इंग्रजांना कोकण किनाऱ्यावर दमवलं, ते मराठ्यांच्याच संमतीने राख झालं. तुळाजींनी उरलेला जन्म कैदेत काढला. यात दरबार आहे, हिशेब आहे, आणि जहाजांवरचे खलाशी आहेत, ज्यांना पुण्यात काय ठरलं हे ठाऊकही नसेल. नानासाहेबांना मूर्ख ठरवून भागणार नाही आणि तुळाजींना हुतात्मा करूनही नाही.

मोडी वाचणारा, गिरगाव

या विषयावर माझी हरकत नाही. मुंबई सरकारचे जुने कागद काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत, पुण्याकडची बाजू पेशवे दफ्तरात सापडेल. कोणी खरंच लिहिणार असेल तर मोडी वाचून द्यायला मी बसेन, मोबदला नको. आग पाहताना नानासाहेबांच्या तोंडी पश्चात्तापाचं भाषण घातलंत, तर मात्र पुन्हा भांडायला येईन. ते त्या वेळी विजयदुर्गावर नव्हतेच.