‘अनफर्गिव्हन’मधल्या मनीला नायक म्हणायचं का?

विश्रामबागकर: क्लिंट ईस्टवूडचा १९९२चा वेस्टर्न ‘अनफर्गिव्हन’ काल परत बघितला. त्यात मनी हा जुना खुनी, बक्षिसासाठी दोन गुराख्यांना मारायला निघालेला. त्यातल्या डेव्हीच्या मरणापाशी अडकलो. वेश्यागृहातल्या डिलाइलाचा चेहरा चाकूनं फाडला तो त्याच्या सोबत्यानं. यानं धरलं होतं खरं, पण नंतर तिच्यासाठी चांगलं तट्टू घेऊन येतो तोही हाच. तिथल्या बाया त्याला चिखल मारून हाकलतात. आणि आधी मरतो तोच. गोळी लागून ‘पाणी पाणी’ करतोय, आणि गोळी घालणारा मनीच वरून ओरडतो, पाजा रे त्याला पाणी, आम्ही झाडत नाही! असल्या माणसाला नायक कसं म्हणायचं? तरी शेवटी तो सलूनमध्ये शिरला की मी त्याच्याच बाजूनं असतो. मला याचा त्रास होतो. तुमचं काय?

मिरजवाला: शिरण्याआधीचं बघा. जोडीदार नेड मेल्याचं कळतं आणि बायकोनं सोडवलेली दारू तो परत तोंडाला लावतो. म्हणजे आपण बाजू घेतो ती जुन्या मनीची, बायकापोरं मारलेल्या. समोरचा शेरीफ स्वतःच्या हातानं घर बांधतोय, छप्पर गळतंय. मरतानाही घराचंच बोलतो. दिग्दर्शकानं आपल्याला सुटायला जागाच ठेवलेली नाही.

वाळव्याची लेक: दादा, आमच्याकडं हा प्रश्न जुना आहे. खून करून वर्षानुवर्षं फरार राहिलेल्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांबद्दल आजी बोलायची ती आदरानंच, खून आणि जन्मठेप न लपवता. शेरीफनं निवाडा काय केला आठवा. दंड घोड्यांचा, तोही सलूनमालकाला. जखम बाईची, भरपाई मालकाची! मग बायांनी हजार डॉलरचं बक्षीस लावलं तर नवल काय?

गणपती पेठ: मनीला निदान पश्चात्ताप आहे. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’मधला (१९५६) ईथन बघा. मेलेल्या कोमांची आदिवासीचे डोळे गोळ्यांनी फोडतो, आणि वर्षानुवर्षं पुतणीला शोधतो ते तिला मारायलाच. शेवटी उचलून घेतो, पण तो बदलला असं मला वाटत नाही. भूमिकेत जॉन वेन होता म्हणून लोकांनी पदरात घेतला.

विश्रामबागकर: ताई, निवाड्याचं शंभर टक्के पटलं. पण तट्टू आलं तेव्हा डिलाइला गप्प उभी होती, हाकललं ते बायांच्या म्होरक्या अॅलिसनं. जिचा चेहरा गेला तिला डेव्ही मरायला हवा होता का, हे कुणी विचारलंच नाही. मला तिथं मनीपेक्षा अॅलिसचा जास्त राग येतो.