बँडन ड्युन्सला गोल्फ खेळायला एवढे पैसे घालून जावं का?

पोर्टलंडला लेकाकडे आलोय, तो म्हणतो बाबा, ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या बँडन ड्युन्स गोल्फ रिसॉर्टला जाऊ. तिथे म्हणे कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) नाही, सगळं चालत, मग लोक एवढे पैसे का मोजतात?

>> काका नक्की जा! १९९९ ला डेव्हिड मॅकले किडने तिथला पहिला कोर्स (गोल्फचं मैदान) आखला, वाळूचे उंचवटे होते तसेच वापरलेत आणि फेस्क्यू गवताखाली जमीन इतकी टणक की बॉल पडला तरी घरंगळतच राहतो, म्हणून वाऱ्यात उंच न मारता जमिनीलगत मारायचा, मजा त्यातच आहे.

>> मला तिथलाच टॉम डोकने आखलेला पॅसिफिक ड्युन्स कोर्स जास्त आवडला. अकराव्या होलला डावीकडे कडा, खाली समुद्र, कानात नुसता वारा. गुडघे दुखत असतील तर कॅडी घ्या, बॅग तो उचलतो.

>> बरं, चालायचे बूट आजच आणतो.