रायगडावरची राजसदर परत बांधावी का?

सह्यवारा: मागच्या रविवारी पोरांना घेऊन रायगड केला, रोपवेनेच गेलो, हसू नका. वर फिरून फिरून धाकटी विचारते बाबा वाडा कुठाय? दाखवणार काय, जोती! 1818 ला इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, लाकडी वाडे जळाले, सगळं सांगून झालं पण पोरांच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे, निदान राजसदर (महाराजांच्या दरबाराची जागा) तरी खांब-छपरासकट परत बांधा. सिंहासनाच्या जागेवरची मेघडंबरी (छत्री) पण नंतरचीच आहे की, तिच्याबद्दल कोणी ओरडत नाही.

टकमक: बांधायची ती कशावरून? खांब किती उंच होते, छप्पर कसलं, नक्षी होती की नव्हती, आराखडा आहे का कुठे? इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन 1674 ला राज्याभिषेकाला हजर होता, त्याने सिंहासन आणि भाल्यांवरचे सोनेरी मासे, तराजू एवढं लिहून ठेवलंय, तेवढ्यावर सुतार कामाला लावायचे? सिरियलचा सेट होईल राव.

सह्यवारा: पोलंडमधलं वॉर्साचं जुनं शहर आख्खं परत बांधलं ना दुसऱ्या महायुद्धानंतर? 1980 ला युनेस्कोच्या यादीत पण गेलं.

टकमक: अहो त्यांच्याकडे जुनी चित्रं होती, मोजमापं होती! आपल्याकडे जोती आणि भांडणं.

पाचाडकर: मी इथलाच. जगदीश्वराचं देऊळ धड उभं आहे, पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलंय, गर्दीतले किती जण वाकून वाचतात ते बघा एकदा. आणि आत्ता सिंहासनापाशी कोणी हळू बोललं तरी नगारखान्यात ऐकू येतं, नवीन छप्पर घातल्यावर तसंच ऐकू येईल याची गॅरंटी कोण घेणार?

महाडची_ताई: +1. 2025 ला रायगडासकट 12 किल्ले जागतिक वारसा झालेत, आता तिथे अंदाजपंचे बांधकाम करून तेच घालवायचं का? तटाची पडझड थांबवा, टाक्यांतला गाळ काढा, आणि डागडुजी चुन्यात करा, सिमेंट थापू नका म्हणजे झालं.

सह्यवारा: गाळ काढून पोरांना काय दिसणार ताई? बरं मग थ्रीडी करा, फोन धरला की सदर दिसली पाहिजे.

पाचाडकर: वर रेंज येऊ दे आधी 😄

टकमक: थ्रीडी चालेल. फक्त खाली मोठ्या अक्षरात 'कल्पनाचित्र' लिहा, नाहीतर दोन वर्षांत तेच पुरावा म्हणून फॉरवर्ड होत फिरेल.