अनुभव धागा : हौशी मंडळी आणि विनोदी संगीत नाटक

नाशकात हौशी नाटकवाल्यांना तोटा नाही, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला साईखेडकर नाट्यमंदिरात जाऊन बसलं की कळतंच. पण बहुतेक कारभार गंभीर. घुसमट, लाल स्पॉट आणि लांबलचक स्वगत. हसवायचं आणि वर गायचंही, असं करणारे ग्रुप फार कमी दिसतात. खरं तर ‘लेकुरे उदंड जाहली’ लिहिणारे वसंत कानेटकर आपल्या गावचे, १९६६ चं नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं, आणि त्यात माणसं बोलता बोलता गायला लागतात. तर आम्ही इंदिरानगरची काही टाळकी यंदा नवीन संहिता घेऊन असलंच काहीतरी करतोय. तुमच्यापैकी ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. हारतुऱ्यांचे फोटो नकोत, काय अडलं नि कसं सुटलं ते सांगा.

पेटीवाले काका, पंचवटी

पहिली गोष्ट, गाणी आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर करू नका. पैसे वाचतात हे मान्य, पण ट्रॅक हशासाठी थांबत नाही. गाण्यात विनोदी ओळ आली, लोक हसले की पुढची ओळ त्या हशात बुडते, आणि बऱ्याचदा खरी गंमत त्या पुढच्याच ओळीत असते. आम्ही काय करायचो सांगतो. जिथे हशा येईल असं वाटतंय तिथे मुखड्याचा एक छोटा तुकडा ठरवून ठेवायचा, हशा आला की तबलजी ठेका धरून ठेवणार, मी तोच तुकडा फिरवत राहणार, आणि नायकाने हातातली छत्री जमिनीवर टेकवली की समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, पुढची ओळ उचलायची. छत्री ही खूण, प्रेक्षकाला वाटतं तो ऐटीत उभा आहे. आता ती टेकवायची कधी? हशा वर चढतो, आणि उतरायला लागला रे लागला की उचला. पूर्ण विझू दिलात तर मेलात, पुन्हा पहिल्यापासून लोकांना गरम करत बसा. आणि हशा आलाच नाही तर तुकडा वाजवायचाच नाही, सरळ पुढे, तोंड पाडून वाट बघत उभं राहायचं नाही. हे तालमीत येत नाही हो, तालमीत कोण हसणार, सगळ्यांना जोक पाठ असतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात रोज दोन-चार नवीन माणसं आणून बसवायची. आम्ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बसवायचो. तो जिथे हसला तिथे रविवारी अख्खं थिएटर हसलं.

रेवा_गंगापूररोड

माझा प्रॉब्लेम पट्टीचा, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याचा होता. हीरो काळी एकमध्ये गाणार, मी काळी चारमध्ये, आणि दिग्दर्शकाला तर युगुलगीतच पाहिजे. मधली पट्टी काढून बघितली, त्याचा आवाज फाटायला लागला आणि माझा विहिरीतून आल्यासारखा. मग पेटीवाल्या ताईंनी सुचवलं की काळी चार म्हणजे त्याचा पंचमच (प) की, तोच तू षड्ज (सा) धर. त्याचा अंतरा संपला की मी म्हणायचे, “एवढ्या खालून बोललात तर मला ऐकू कसं येणार?” आणि माझ्या पट्टीत सुरू. लोकांना वाटलं मुद्दाम लिहिलेला जोक आहे. लेखकालाही नंतर तसंच वाटायला लागलं!!

अंबड सेकंड शिफ्ट

आमच्यात निम्मी पोरं एमआयडीसीतली, दर आठवड्याला शिफ्ट बदलणार, त्यामुळे तालमीला पूर्ण संच म्हणजे दुर्मिळ प्रकार, कधी नायिकेचा बाप नाही तर कधी नायिकाच नाही, मग जो असेल त्याने तिची वाक्यं म्हणायची, असं करत करत सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ झाली आणि प्रयोगात एकाने पान गाळलं तेव्हा दुसऱ्याने अलगद सावरून घेतलं, प्रॉम्प्टर नुसता बघत राहिला. दुसरं म्हणजे दम. उभं राहून गाणारे नाचता नाचता गायला लागले की दुसऱ्या कडव्यात धापा टाकतात. आमचा डान्स बसवणारा आम्हाला रविवारी सकाळी पांडवलेणीला न्यायचा आणि पायऱ्या चढताना गाणं म्हणायला लावायचा, मोठ्याने, शब्द तोडायचे नाहीत. मॉर्निंग वॉकवाले काका-काकू वळून वळून बघायचे. लाज तिथेच गेली, स्टेजवर न्यायला उरलीच नाही. नंतर मिसळ, अर्थात.

दिग्दर्शनाचा किडा

गायक घ्यायचा की नट, यावर आमच्याकडे जाम भांडणं झालेली. माझं मत स्पष्ट आहे, विनोदी भूमिकेला टायमिंगवाला नट घ्या, सूर जेमतेम असला तरी चालेल. गवई घेतला की तो तान घेतो, तान संपेपर्यंत जोक शिळा. जुन्या लोकांना हे कळत होतं, ‘संशयकल्लोळ’मध्ये गाण्याचा भार रेवती-अश्विनशेठवर आणि हसवायचं काम फाल्गुनरावाचं, गणपतराव बोडसांसारख्या गद्य नटाने ती भूमिका गाजवली. आम्ही तेच नाटक घेतलं होतं. त्याचे लेखक गो. ब. देवल १९१६ साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. पदं मात्र निर्दयपणे कापली. एक ज्येष्ठ रसिक मध्यंतरात विंगेत येऊन “गाणी कुठायत?” म्हणून माझ्यावर चढले. त्यांचंही खरं आहे, पण दहाला पडदा पडायलाच हवा होता, सोमवारी सगळ्यांना ऑफिस.

पेटीवाले काका, पंचवटी

तान वाईट नसते साहेब, अवेळी घेतलेली वाईट. नटाला सूर नसेल तर आम्ही वाद्यवाले किती झाकणार?

विंगेतली

बॅकस्टेजवाल्यांचं कोणी विचारतच नाही म्हणून लिहिते. लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) घेणार असाल तर पूर्ण कॉस्च्युममध्ये, दागिन्यांसकट एक तालीम करा. आमच्या नायिकेची ठुशी माइकवर घासायची आणि अख्ख्या गाण्यात खरखर. शेवटी माइक केसात, गजऱ्याखाली लपवला, वायर पाठीवरून खाली. आणि पेटी-तबला स्टेजसमोर बसवलात तर मागे नाचणाऱ्यांना ठेका ऐकूच येत नाही, एका विंगेत बसवा आणि दुसऱ्या विंगेत छोटा स्पीकर आत तोंड करून ठेवा. ब्लॅकआउटऐवजी सामान हलवायला गाण्याचं शेवटचं कडवं वापरा, काळोख करूच नका. आमच्या पोरांनी नाचतच टेबल-खुर्च्या नेल्या, त्यालाही टाळ्या.

सिडकोचा सुभाष

कागदपत्रांचं आधी बघा. संहिता नवीन आहे म्हणताय तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागेल, त्याला संहिता पाठवावी लागते, गाण्यांसकट. तुम्ही तालमीत गाणी बदलत राहणार, म्हणून लवकर गोठवा. तारखेचं म्हणाल तर शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकं येतात, हौशीला मधला वार पदरात पडतो. कालिदास कलामंदिर मोकळं दिसतंय म्हणून हुरळून जाऊ नका, आधी आपली किती माणसं येतील ते मोजा. विनोदाला रिकाम्या खुर्च्या मारतात, थोडकीच माणसं पण खच्चून भरलेला छोटा हॉल केव्हाही चांगला. कुसुमाग्रज स्मारकातही बघा चौकशी करून.

बाकी आमच्या नाटकातला तिघांचा लाकडी सोफा माझ्या पार्किंगमध्ये पडून आहे. एक पाय हलतो, पण वर उभं राहून गाणं म्हटलेलं आहे. टेम्पो तुमचा, सोफा फुकट. बायकोने दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.