एकच जहाज बुडवणारी ‘वेसिक्को’: युद्धात कामाची ठरली का?

दर्याकिनारी:
जुलैत लेकीकडे हेलसिंकीला होतो. फेरीबोटीने सुओमेनलिन्ना किल्ल्यावर गेलो. तिथे काठाला ‘वेसिक्को’ ही फिनलंडची छोटी पाणबुडी ठेवली आहे. लांबी जेमतेम ४१ मीटर, विस्थापन २५० टन. आत पाऊल टाकलं आणि आपोआप अंग चोरलं गेलं. पुढे टॉर्पेडोच्या तीन नळ्या आणि त्याच खोलीत खलाशांच्या झोपायच्या फळ्या. वीसेक माणसं यात दिवसच्या दिवस राहायची.

बाहेर आल्यावर जावई म्हणाले, “बाबा, अख्ख्या दुसऱ्या महायुद्धात हिने एकच जहाज बुडवलं.” खरं आहे ते. ३ जुलै १९४१ ला सूर्सारी बेटाच्या पूर्वेला ‘वीबोर्ग’ हे ४,१०० टनी सोव्हिएत मालवाहू जहाज. पहिला टॉर्पेडो जहाजाच्या मागच्या भागात बसला, दुसरा हुकला, जहाज गेलं. मग पाण्यातले बॉम्ब मागे लागले, तेव्हा ही आपल्या किनारी तोफांच्या आडोशाला आली.

तरी मी म्हणतो, ती पुरेपूर कामाची ठरली. फिनलंडचं आखात सरासरी ४० मीटरसुद्धा खोल नाही आणि हिवाळ्यात गोठतं. अशा उथळ पाण्यात मोठं धूड नेऊन करणार काय?

शंभर_नंबरी:
असहमत. ‘वीबोर्ग’ सोडून हिशेब मांडा. १ डिसेंबर १९३९ ला ‘किरोव्ह’ ही सोव्हिएत क्रूझर (मोठी युद्धनौका) फिनलंडच्या हांको बंदराजवळच्या रुसारो बेटावर तोफा डागत होती. वेसिक्कोला हल्ल्याचा हुकूम होता, पण ती माऱ्याच्या टप्प्यात पोचलीच नाही. ‘किरोव्ह’ला परतवलं ते रुसारोच्या तोफांनी. पुढे बर्फ आलं आणि सोव्हिएतशी झालेल्या त्या १९३९-४० च्या युद्धापुरता विषय संपला.

१९४२ च्या शरदात फिनलंड आणि स्वीडनमधल्या ओलांडच्या समुद्रात सोव्हिएत पाणबुड्यांची शिकार कोणी केली? फिनलंडच्याच दुसऱ्या पाणबुड्यांनी. ‘वेसिहीसी’ने ‘एस-७’ बुडवली, ‘वेतेहिनेन’ने तर ‘श्च-३०५’ला धडक देऊन तळाला घातलं. दोघी आकाराने हिच्या जवळपास दुप्पट. उथळ पाण्याचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

अनुजा_तुर्कू:
मी तुर्कूत राहते. ही बोट इथल्याच गोदीत बांधली, १९३३ मध्ये पाण्यात उतरवली. तुम्ही दोघेही १९३९ पासून मोजताय, पण हिचं सगळ्यात परिणामकारक काम त्याआधीच झालं होतं, आणि ते फिनलंडसाठी नव्हतं.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बांधायला बंदी होती. म्हणून हेगमध्ये नावाला डच असलेली एक कंपनी उघडली, आत सगळे जर्मन. आराखडा त्यांचा आणि या बोटीवरच्या चाचण्याही जर्मनांच्याच. त्यावरून जर्मनीच्या पहिल्या छोट्या पाणबुड्या निघाल्या. जर्मनीला पाणबुड्यांची मुभा देणारा ब्रिटनशी नाविक करार झाला १८ जून १९३५ ला, आणि त्यातली पहिली ‘यू-१’ जर्मन नौदलात दाखल झाली २९ जूनला. अकरा दिवसांत पाणबुडी बांधून होत नाही, तयारी आधीचीच होती. फिनलंडने वेसिक्को विकत घेतली ती १९३६ मध्ये. ‘कामाची’ म्हणताना हे बाजूला ठेवणं मला पटत नाही.

दर्याकिनारी:
अनुजाताई, बाजूला ठेवत नाही. पण ते पाप आराखडा काढणाऱ्यांचं. १९४४ च्या जूनमध्ये सोव्हिएत सीमेजवळच्या कारेलिया भागातली माणसं समुद्रमार्गे हलवताना राखणीला हीच बोट होती, त्या खलाशांच्या माथी ते कसं मारायचं?

माझगावकर:
माझे वडील नौदलात, १९७१ मध्ये मुंबईत होते. त्या ९ डिसेंबरला आपल्या ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या युद्धनौका ज्या पाकिस्तानी पाणबुडीच्या, ‘हँगोर’च्या, शोधात गेल्या, ती त्यांना दिसली नाही. ‘खुकरी’ गेली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. वडील त्या रात्रीबद्दल बोलायला बसले की पुढ्यातला चहा तसाच राहायचा. ‘हँगोर’ वेसिक्कोहून बरीच मोठी, तरी मुद्दा तोच: न दिसलेली एक पाणबुडी दोन-दोन जहाजांना कामाला लावते. बुडालेल्या जहाजांच्या आकड्यात ते येत नाही.

शंभर_नंबरी:
माझगावकर, वडिलांना नमस्कार सांगा. पण हा मुद्दा इथे लावायचा तर सोव्हिएत आरमार वेसिक्कोच्या धाकाने थांबलं, असं दिसायला हवं. त्यांना अडवलं समुद्रात पेरलेल्या सुरुंगांनी, आणि १९४३ मध्ये नाइसारपासून पोर्कालापर्यंत आखातावर आडवं लावलेल्या पोलादी जाळ्याने. त्या वर्षी त्यांची एकही पाणबुडी बाहेर पडू शकली नाही. हिच्यावर घातलेला पैसा आणखी सुरुंगांवर घातला असता तर मी आनंदाने सहमत झालो असतो.

दर्याकिनारी:
सुरुंग ‘वीबोर्ग’चा माग काढत गेला नसता, दादा. आणि एक सांगायचं राहिलं. फिनलंडच्या पाचही पाणबुड्या युद्धातून परत आल्या. १९४७ च्या तहाने पाणबुड्या बाळगायलाच बंदी आली, बाकीच्या चौघी १९५३ मध्ये भंगारात गेल्या. ही वाचली ती जुन्या पाणबुडी अधिकाऱ्यांनी धरून ठेवली म्हणून. १९७३ मध्ये लोकांसाठी खुली होईपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही. ज्यांनी त्या फळ्यांवर रात्री काढल्या, त्यांचं मत मी तुमच्या-माझ्या हिशेबापेक्षा वर धरतो.

अनुजा_तुर्कू:
त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण माया हा युद्धातल्या उपयोगाचा पुरावा नाही, काका. माझा १९३५ चा मुद्दा अजून तसाच आहे.